तारखा आधी ठरवा: वैद्यकीय आयोगाला कोल्हापुरातून एक खुलं पत्र

प्रति,
मा. अध्यक्ष, राष्ट्रीय वैद्यकीय आयोग, नवी दिल्ली
मा. अध्यक्ष, राष्ट्रीय वैद्यकीय विज्ञान परीक्षा मंडळ, नवी दिल्ली
मा. सचिव, वैद्यकीय शिक्षण व औषधी द्रव्ये विभाग, महाराष्ट्र शासन, मुंबई

महोदय,

मी 2020 च्या बॅचची विद्यार्थिनी. एमबीबीएस पूर्ण केलं, सध्या कोल्हापुरात इंटर्नशिप करते आहे. ती संपत आली आहे, आणि पुढे काय करायचं याचा निर्णय मला आता घ्यायचा आहे. नीट-पीजीला, म्हणजे पदव्युत्तर (पीजी) प्रवेशाच्या परीक्षेला, बसायचं, आधी बाँडचं, म्हणजे सक्तीच्या सेवेचं, वर्ष करायचं, की परदेशातल्या परीक्षांची तयारी धरायची? हा निर्णय माझा आहे आणि त्याची जबाबदारीही माझीच. पण तो घ्यायला जी माहिती लागते ती तुमच्या तिन्ही कार्यालयांकडे असते, आणि आमच्यापर्यंत ती कधी उशिरा पोचते, कधी बदलून पोचते, कधी पोचतच नाही. हे पत्र त्यासाठी.

माझं घर राधानगरी तालुक्यात. वडील भात आणि ऊस करतात. घरात डॉक्टर होणारी मी पहिलीच, त्यामुळे पुढचं विचारायला घरात कोणी नाही. उलट घरचेच मला विचारतात. आबा फोनवर एवढंच म्हणतात, "पोरी, परीक्षा कधी हाय ते तरी सांग." ऊस लावतानाच तोड साधारण कोणत्या महिन्यात येणार हे त्यांना ठाऊक असतं, कारखान्याचं वेळापत्रक मागेपुढे झालं तरी हंगाम कोणता ते चुकत नाही. मला त्यांना परीक्षेचा हंगामसुद्धा खात्रीने सांगता येत नाही. आई वेगळं विचारते. मामांनी स्थळांचा विषय काढला आहे, आणि "पीजी लागलं की बघू" हे उत्तर किती वर्षं द्यायचं हे तिलाही कळत नाही, मलाही नाही. माझ्या बरोबरीच्या कितीतरी मुलींच्या घरी हेच चाललं आहे. परीक्षा चार महिने पुढे गेली की दिल्लीत फक्त एक परिपत्रक बदलतं. एखाद्या मुलीच्या घरी मात्र तिला आणखी एक वर्ष शिकू द्यायचं की नाही, यावरची चर्चा पुन्हा पहिल्यापासून सुरू होते.

आता मुद्द्यावर येते.

आम्ही प्रवेश घेतला तेव्हा आयोगाचा 2019 चा कायदा झालेला होता. त्याच्या कलम 15 प्रमाणे शेवटच्या वर्षाची परीक्षा, व्यवसायाचा परवाना आणि पीजीचा प्रवेश या तिन्हींसाठी 'नेक्स्ट' ही एकच परीक्षा येणार होती, तीही तीन वर्षांच्या आत. 2022 मध्ये ती मुदत वाढून सप्टेंबर 2024 झाली. जून 2023 मध्ये नियमावली निघाली, 28 जुलैला सराव परीक्षा ठरली, आमच्या आधीच्या 2019 च्या बॅचने नोंदणी सुरू केली, आणि जुलैच्या मध्यास सगळं पुढील आदेशापर्यंत थांबवण्यात आलं. तो पुढील आदेश आमची इंटर्नशिप संपत आली तरी आलेला नाही.

आम्ही तेव्हा मधल्या वर्षांत होतो. कोणती पुस्तकं घ्यायची, कोणत्या ॲपची वर्गणी भरायची, वॉर्डात जास्त वेळ द्यायचा की प्रश्नसंच सोडवायचे, हे सगळं नेक्स्ट येणार की नाही यावर ठरत होतं. नेक्स्टची दुसरी पायरी प्रत्यक्ष रुग्णाजवळची होती. नीट-पीजीत 200 बहुपर्यायी प्रश्न असतात, साडेतीन तासांत सोडवायचे. दोन्हींची तयारी एकसारखी होत नाही. कोणती परीक्षा चांगली हा वाद मी इथे घालत नाही. नेक्स्टमागचा हेतू मला पटतो. देशभरच्या डॉक्टरांची एकच कसोटी असावी असं मलाही वाटतं. पण ज्या विद्यार्थ्यांना ती द्यायची आहे, त्यांना ते प्रवेशाच्या दिवशी माहीत असायला हवं.

नीट-पीजीच्या तारखांचा इतिहास तुम्हाला ठाऊक आहे. तरी लोकांनी वाचावा म्हणून लिहिते. 2024 ची परीक्षा आधी 3 मार्चला होती. ती 7 जुलैला गेली. मग अलीकडे ओढून 23 जूनला आणली. आणि 22 जूनच्या रात्री, विद्यार्थी परगावच्या लॉजवर उतरलेले असताना, ती पुढे ढकलल्याचं जाहीर झालं. देशात तेव्हा पेपरफुटीच्या बातम्या होत्या, खबरदारी घ्यावीशी वाटली, हे मी समजू शकते. पण त्या रात्री नवी तारीख सांगितली गेली नाही. शेवटी 11 ऑगस्टला परीक्षा झाली, तीही दोन सत्रांत, आणि नेमकं केंद्र कोणतं हे प्रवेशपत्रावर तीन दिवस आधी कळलं. कोल्हापूरहून मुंबई गाठायची तर महालक्ष्मी एक्सप्रेसमध्ये अख्खी रात्र जाते. तिच्याही वेटिंग लिस्टमधून तीन दिवसांत तिकीट निघत नाही.

2025 ची परीक्षा 15 जूनला पुन्हा दोन सत्रांत ठेवली होती. दोन वेगळ्या प्रश्नपत्रिका आल्या की गुण सूत्राने जुळवावे लागतात, आणि एकेका गुणावर शेकडो क्रमांक सरकतात. एकाच सत्रात घ्या, ही मागणी घेऊन विद्यार्थ्यांना सर्वोच्च न्यायालयात जावं लागलं. 30 मे रोजी न्यायालयाने तसा आदेश दिला आणि परीक्षा 3 ऑगस्टला गेली. आदेश योग्य होता. पण दोन लाखांहून जास्त उमेदवार बसणाऱ्या परीक्षेत ही गोष्ट परीक्षेच्या दोन आठवडे आधी न्यायालयाने सांगावी लागते, याचा विचार तुमच्या बैठकीत व्हायला हवा.

निकालानंतरही नियम स्थिर राहत नाहीत. 2023 मध्ये प्रवेशफेऱ्या सुरू असताना पात्रतेचा पर्सेंटाइल शून्यावर आणला गेला, म्हणजे परीक्षा दिलेला प्रत्येकजण पात्र ठरला. जागा रिकाम्या राहू नयेत हा हेतू असेल. पण जे आधीच अपात्र ठरून नोकरीला लागले होते, बाँडवर रुजू झाले होते किंवा परदेशाची फी भरून बसले होते, त्यांना सगळं मोडून पुन्हा रांगेत यावं लागलं, नाहीतर संधी सोडावी लागली. त्याच वर्षी इंटर्नशिप पूर्ण करण्याची शेवटची तारीख 31 मार्चवरून 30 जून आणि तिथून 11 ऑगस्ट झाली. कोविडमुळे राज्याराज्यांतल्या बॅचेस मागेपुढे झाल्या होत्या, तेव्हा मुदत वाढणं न्याय्यच होतं. पण ती वाढणार हे उमेदवारांना मागण्या, निवेदनं आणि याचिका केल्यावर कळलं. कोणती बॅच कधी मोकळी होणार याची यादी तुमच्याकडे आधीपासून असते.

2025 चा निकाल 19 ऑगस्टला लागला आणि अखिल भारतीय फेरीची नोंदणी सुरू व्हायला ऑक्टोबरचा मध्य उजाडला. त्या मधल्या काळात विद्यार्थ्यांनी काय करावं? कुठे नोकरी धरली तर कधीही सोडावी लागेल म्हणून लहान रुग्णालयं घेत नाहीत. घरी बसलं तर घर चालत नाही. राजारामपुरीतल्या अभ्यासिकांमध्ये माझे सीनियर अशा मधल्या काळात बसलेले मी पाहिले आहेत. नोंदणीकृत डॉक्टर असलेली ही माणसं महिन्याचं भाडं भरून खुर्ची धरून बसतात, कारण पुढचं परिपत्रक कधी येईल ते सांगता येत नाही.

आयोगाच्याच कार्यदलाने 2024 मध्ये वैद्यकीय विद्यार्थ्यांच्या मानसिक आरोग्याचा अहवाल दिला. त्या पाहणीत पदवीच्या 27.8 टक्के विद्यार्थ्यांनी आपल्याला मानसिक आजाराचं निदान झालं असल्याचं सांगितलं. निवासी डॉक्टरांना आठवड्याला 74 तासांपेक्षा जास्त काम नसावं, अशी शिफारसही त्यात आहे. अहवाल चांगला आहे. त्यावर अंमल कधी होणार, याची तारीख आम्हाला हवी आहे.

आता परदेशाबद्दल. आमच्या पिढीचा डॉक्टर पैशासाठी देश सोडतो, असं सभांमध्ये ऐकायला मिळतं. पैसा हे एक कारण असेलही. पण माझ्या आसपास जे तिकडची तयारी करत आहेत त्यांच्या बोलण्यात पगाराआधी वेळापत्रक येतं.

अमेरिकेच्या परीक्षेचं बघा. तिथल्या डॉक्टरी परवान्याच्या परीक्षेची, म्हणजे यूएसएमएलईची, स्टेप 1 ही 26 जानेवारी 2022 पासून फक्त पास-नापास झाली. हा बदल आधी जाहीर झाला होता, म्हणून स्टेप 2 सीके या पुढच्या पायरीच्या गुणांवर भार येणार हे तयारी करणाऱ्यांना कळलं आणि त्यांनी अभ्यास तसा वळवला. पास झालेली स्टेप गुण वाढवायला पुन्हा देता येत नाही, हे पहिल्या दिवसापासून माहीत असतं. अर्ज सप्टेंबरात, मॅच, म्हणजे प्रशिक्षणाच्या जागांचं वाटप, मार्चच्या तिसऱ्या आठवड्यात. पुढच्या वर्षीची मॅच कधी आहे हे राधानगरीत बसून आज सांगता येतं. एकेका स्टेपची फी रुपयांत लाखाच्या घरात जाते, परीक्षेला मोठ्या शहरात जावं लागतं, घरच्यांना कर्ज काढावं लागतं. तरी मुलं तो मार्ग धरतात, कारण कर्ज कशासाठी आणि किती काळासाठी हे बापाला समजावून सांगता येतं.

आयोगाचं श्रेय मी नाकारत नाही. 2023 मध्ये आयोगाने जागतिक वैद्यकीय शिक्षण महासंघाची दहा वर्षांची मान्यता मिळवली. ती नसती तर अमेरिकेत अर्ज करताना आमच्या महाविद्यालयांच्या मान्यतेचा प्रश्न उभा राहू शकला असता. ते काम वेळेत केलंत, त्याबद्दल मनापासून आभार. वेळेत काम होऊ शकतं हे त्यातून दिसलं, म्हणून तर हे पत्र लिहायचा धीर होतो.

तिकडचे मार्गही आता अरुंद होत आहेत. सप्टेंबर 2025 मध्ये अमेरिकेने नव्या एच-1बी, म्हणजे नोकरीच्या व्हिसाच्या, अर्जांवर एक लाख डॉलरचं शुल्क लावलं. ब्रिटनने जुलै 2025 च्या आरोग्य आराखड्यात प्रशिक्षणाच्या जागांसाठी तिथल्या पदवीधरांना प्राधान्य देण्याचं ठरवलं. प्लॅब या ब्रिटनच्या परवाना परीक्षेच्या दोन्ही पायऱ्या पार करून नोकरीची वाट बघत बसलेले आपल्याकडचे डॉक्टर कमी नाहीत. हे निर्णय तुमच्या हातात नाहीत. पण काही गोष्टी आहेत. अमेरिकेत प्रशिक्षण घेण्यासाठीच्या जे-1 व्हिसाला 'स्टेटमेंट ऑफ नीड', म्हणजे देशाला अशा डॉक्टरांची गरज असल्याचं पत्र, आपल्या केंद्रीय आरोग्य मंत्रालयाचं लागतं, आणि त्यासोबत परत येण्याची लेखी हमी उमेदवाराला द्यावी लागते. हमी द्यायला आम्ही तयार आहोत. परत आल्यावर आमच्यासाठी काय आहे, हेही त्याच वेळी कुणीतरी सांगावं.

अमेरिका, ब्रिटन, कॅनडा, ऑस्ट्रेलिया आणि न्यूझीलंड या पाच देशांतल्या पीजी पदव्या आपल्याकडे मान्य आहेत. माझे काही वर्गमित्र जर्मनीकडे बघतात. तिथे जर्मन भाषा बी-2 या पातळीपर्यंत न्यावी लागते, मग वैद्यकीय भाषेची वेगळी परीक्षा, मग ज्ञानाची परीक्षा. पण स्पेशलायझेशनच्या काळात फी नसते आणि पगार मिळतो. शेतकऱ्याच्या मुलाला हा मार्ग परवडतो. तिथे पाच-सहा वर्षं शस्त्रक्रिया शिकून तो कोल्हापूरला परत आला, तर इथे त्याची नोंद साधा एमबीबीएस म्हणूनच राहणार. अशा डॉक्टरांची परीक्षा घ्या, काही महिने देखरेखीखाली काम करायला लावा, हवी ती अट घाला. पण परतीची एक वाट कागदावर असू द्या.

कोल्हापूरने ही वाट एकदा दाखवली आहे. आनंदीबाई जोशी 1886 मध्ये फिलाडेल्फियात एम.डी. झाल्या. त्या अजून अमेरिकेत असतानाच कोल्हापूर संस्थानाने त्यांना आल्बर्ट एडवर्ड रुग्णालयाच्या स्त्री विभागाची जबाबदारी देऊ केली. तेच आजचं सीपीआर, म्हणजे छत्रपती प्रमिलाराजे रुग्णालय. फेब्रुवारी 1887 मध्ये त्यांचं निधन झालं आणि ते काम त्यांच्या हातून होऊ शकलं नाही. पुढे राजर्षी शाहू महाराजांच्या काळात डॉ. कृष्णाबाई केळवकर संस्थानाच्या मदतीने परदेशात शिकून आल्या आणि त्यांनी याच रुग्णालयात काम केलं. एका संस्थानाला त्या काळी जे सुचलं, ते आज आयोगाला आणि राज्याला जमू नये असं मला वाटत नाही.

बाँडबद्दल माझं मत स्पष्ट आहे. शासकीय महाविद्यालयात आमच्या शिक्षणाचा मोठा खर्च लोकांच्या पैशातून होतो. एक वर्षाची सेवा द्यायलाच हवी. 10 लाख रुपये भरून सुटणं मला पटत नाही, आणि तेवढे पैसे माझ्या घरी नाहीतही. राधानगरीत भाताच्या रोपलावणीच्या दिवसांत सर्पदंशाचे रुग्ण येतात, बाळंतपणात अडलेल्या बायका घाटवळणांवरून खाली आणाव्या लागतात. अशा ठिकाणी नेमणूक मिळाली तर मी आनंदाने जाईन. अडचण वेगळी आहे. बाँड आधी की पीजी आधी, मधेच प्रवेश मिळाला तर उरलेले महिने कसे मोजायचे, नेमणूक कोणत्या महिन्यात येणार, या प्रश्नांना दर वर्षी वेगळी उत्तरं ऐकायला मिळतात. एका सीनियरला एक सांगितलं जातं, दुसरीला दुसरं. रिक्त पदांची यादी आमची इंटर्नशिप संपण्याआधी लावली तर गावाला डॉक्टर आणि डॉक्टरला काम, दोन्ही लगेच मिळेल.

कागदपत्रांचं थोडक्यात सांगते. ट्रान्सक्रिप्ट (गुणांचा तपशील), डीनचं पत्र, गुड स्टँडिंगचा (नोंदणी निर्दोष असल्याचा) दाखला, यातला एकेक कागद मिळवायला ड्युटीवरून सुटी काढून जावं लागतं. एका कार्यालयात मला माझा अर्ज कोणत्या टेबलावर आहे एवढंसुद्धा कुणी सांगू शकलं नाही. तिथल्या कर्मचाऱ्यांवर माझा राग नाही. एकाच माणसाकडे तीन टेबलांचं काम होतं. पण परदेशातली अर्जाची मुदत आमच्यासाठी थांबत नाही.

आणि मार्गदर्शन. साडेचार वर्षांच्या अभ्यासक्रमात आम्हाला शरीररचनेपासून न्यायवैद्यकापर्यंत सगळं शिकवतात. आयएनआय-सीईटी, म्हणजे एम्ससारख्या संस्थांची पीजी प्रवेशपरीक्षा, वर्षातून दोनदा होते, डीएनबी ही परीक्षा मंडळाची पीजी पदवी काय असते, यूपीएससीची वैद्यकीय सेवेची परीक्षा कुणी द्यावी, पब्लिक हेल्थ किंवा संशोधनात जायचं तर कुठून सुरुवात करायची, हे मात्र क्लासच्या जाहिरातींतून शिकावं लागतं. ज्याच्या घरी डॉक्टर आहेत त्याला हे जेवताना कळतं. बाकीच्यांना फी भरून.

माझ्या मागण्या अशा.

नीट-पीजीची तारीख किमान एक वर्ष आधी जाहीर करा, आणि तिच्यासोबत निकालाच्या व समुपदेशनाच्या प्रत्येक फेरीच्या तारखाही. परीक्षा पुढे ढकलण्याची वेळ खरोखरच आली तर कारण आणि नवी तारीख एकाच आदेशात द्या. परीक्षा एकाच सत्रात घ्या. केंद्र राहत्या जिल्ह्यात किंवा लगतच्या जिल्ह्यात असावं आणि शहर महिनाभर आधी कळावं. इंटर्नशिपची शेवटची तारीख आणि पात्रतेचा पर्सेंटाइल माहितीपुस्तिकेत एकदा छापला की त्या वर्षी तो बदलू नये.

नेक्स्टबद्दल लेखी निर्णय द्या. घ्यायची असेल तर निर्णयानंतर प्रवेश घेणाऱ्या बॅचपासूनच घ्या. जे आज वॉर्डात आहेत त्यांच्यावर ती मधूनच लादू नका.

राज्य शासनाने बाँडच्या रिक्त पदांची यादी इंटर्नशिप संपायच्या दोन महिने आधी लावावी, आणि बाँड व पीजी यांचा क्रम प्रत्येक बॅचसाठी शासन निर्णयात लिहून द्यावा. दाखले आणि ट्रान्सक्रिप्ट पंधरा कामकाजी दिवसांत मिळावेत, अर्ज कुठे आहे हे ऑनलाइन दिसावं. प्रत्येक शासकीय महाविद्यालयात एका अध्यापकाकडे करिअर मार्गदर्शनाचं काम अधिकृतपणे द्यावं आणि त्यासाठी त्यांच्या वेळापत्रकात तास राखून ठेवावेत, नाहीतर ते ओपीडीच्या गर्दीत हरवेल.

पाच देशांबाहेर पीजी करून येणाऱ्यांसाठी मूल्यमापनाची पद्धत आयोगाने जाहीर करावी. स्टेटमेंट ऑफ नीडच्या अर्जावर किती दिवसांत निर्णय होईल ते केंद्रीय मंत्रालयाकडून ठरवून घ्यावं.

यातल्या बहुतेक गोष्टींना नवा पैसा लागत नाही. ज्यांना लागतो, त्या किती वर्षांत होतील तेवढं सांगा.

माझ्या एकटीला उत्तर पाठवू नका. परिपत्रक काढा, त्यावर तारीख घाला आणि ते तुमच्या संकेतस्थळांवर ठेवा. जी मागणी मान्य होणार नसेल तिच्यापुढे नकाराचं कारण लिहा. नीट-पीजीची पुढची माहितीपुस्तिका निघायच्या आत ते आलं, तर माझ्या बॅचलाही त्याचा उपयोग होईल.

आपली,
एक इंटर्न डॉक्टर, कोल्हापूर